पाच दिवसांचा दाखला
मराठी भाषा गौरव दिनाची भाषणं सगळ्यांनीच ऐकली आहेत, ती पुन्हा उगाळण्यात अर्थ नाही. चीड आली ती एका वाक्याची. रोज थोडं लिहीत जा, असं नवोदितांना सुचवलं की व्यासपीठावरून हमखास उत्तर येतं: आतून आल्याशिवाय लिहू नये. वर दाखला साने गुरुजींचा. ‘श्यामची आई’ पाच दिवसांत लिहून झाली, ती काय रोजच्या सरावानं?

हो, सरावानंच.

नाशिकच्या तुरुंगात 9 ते 13 फेब्रुवारी 1933 या पाच दिवसांत त्या पुस्तकाचा बहुतेक भाग कागदावर उतरला, हे खरं. पण त्या वेगाची तयारी अमळनेरला झाली होती. 1924 साली गुरुजी तिथल्या प्रताप हायस्कुलात शिक्षक म्हणून लागले, पुढे वसतिगृहही त्यांच्याकडे आलं. मुलांसाठी त्यांनी ‘छात्रालय’ नावाचं दैनिक काढलं. छापखाना नाही, बातमीदार नाही. गुरुजींच्या हातचे कागद आणि वाचायला वसतिगृहातली पोरं. दिवसभर शाळा, मग कुणाचं दुखणंखुपणं, खोल्यांची आवराआवर, आणि एवढं उरकून उद्याचा अंक. दैनिक चालवणाऱ्याला ‘आज काही सुचत नाही’ म्हणून सुटका नसते. सुचो न सुचो, सकाळ होतेच.

वाचक तर त्याहून कडक. अवघड शब्दांची आरास मांडली की शाळकरी पोरगं दुसऱ्या ओळीला कागद सोडून खेळायला पळतं. त्याला धरून ठेवायचं तर वाक्य आखूड हवं, गोष्ट लवकर सुरू व्हायला हवी आणि माया खरी हवी. ‘श्यामची आई’तला श्याम रोज रात्री आश्रमातल्या मित्रांना एकेक आठवण सांगतो. ती सांगण्याची लय तुरुंगात एकाएकी सापडली, असं मानायला मन धजत नाही. 1928 मध्ये गुरुजींनी ‘विद्यार्थी’ मासिक सुरू केलं. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत. 21 फेब्रुवारी ते 19 जून असे अठरा रविवार गुरुजींनी ती प्रवचनं टिपून घेतली. ‘गीता प्रवचने’ आज हातात आहे ती त्या टिपणांमुळे. एवढी मेहनत झाल्यावर ते पाच दिवस आले. मेहनत गाळून नुसते दिवस मोजणं हा गुरुजींवर अन्याय आहे, आणि ऐकणाऱ्या मुलांवर त्याहून मोठा.

वेळ नाही, वाचणार कोण, ही बाकीची कारणं त्या वसतिगृहातच निकालात निघतात.

नुसतं रोज लिहून मात्र भागत नाही. कालचं लिखाण आज पुन्हा वाचावं लागतं. या स्तंभाला वाक्याच्या शेवटच्या तीन टिंबांचा राग आहे. विचार अर्ध्यावर सुटला की तिथं टिंबं पडतात. महिन्यातून एकदा लिहिणाऱ्याला ती खोडच लक्षात येत नाही. रोज लिहिणाऱ्याला सोमवारी, मंगळवारी, बुधवारी त्याच जागी तीच टिंबं दिसतात, आणि गुरुवारी तो वाक्य पुरं करतो. ‘खरं तर’ने सुरू होणारे परिच्छेदही असेच एकेक करून गळतात. सुधारणा एवढ्या लहान मापानं होते, म्हणून तिची भाषणं होत नाहीत.

नाव झाल्यावरही गुरुजींनी नेमाचं लिखाण सोडलं नाही. पुतणी सुधाला ते पत्रं लिहीत राहिले, 15 ऑगस्ट 1948 ला त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केलं आणि दर आठवड्याचा अंक अंगावर घेतला. ज्याला असा नेम नको त्यानं खुशाल धरू नये, सक्ती कुणाची नाही. फक्त लिहायला बसलेल्या पोरांना गुरुजींचं नाव सांगून उठवू नये.