वैद्यकविद्येचें ऋण

बारावीचे निकाल लागले म्हणजे आमच्या खेड्यांतील मंडळ्यांमध्यें दरसाल एकच बोलणें सुरू होतें. कोणाच्या मुलास किती गुण मिळाले, कोणाच्या मुलीस डॉक्टर होतां येईल, प्रवेश कोठें मिळेल व खर्च किती लागेल. आईबाप पाळकाकडे किंवा उपदेशकाकडे सल्ला विचारावयास येतात, आणि तोही आपल्या परीनें कोठला तरी पत्ता सांगून त्यांस वाटेस लावतो. ह्या चौकशा योग्यच आहेत, व त्यांविषयीं आम्हीही पुढें कांहीं लिहिणार आहों. परंतु एक प्रश्न असा आहे कीं तो ह्या बोलण्यांत क्वचितच निघतो. रोग्यांस बरें करण्याची ही जी विद्या मुलगा किंवा मुलगी शिकणार, ती शिकून झाल्यावर कोणाची? शिकणाराची, पैसे भरणाऱ्या बापाची, सरकारची, कीं आणखी कोणाची?

वकिली शिकणारा पुस्तकांवर शिकतो, यंत्रविद्या शिकणारा यंत्रांवर शिकतो. पण वैद्यक शिकणारा माणसाच्या देहावर शिकतो. हा भेद लहान नाहीं. पहिल्याच वर्षीं विद्यार्थ्यापुढें टेबलावर एक प्रेत ठेवलेलें असतें, आणि त्यावरून तो शिरा, स्नायू व हाडें ओळखावयास शिकतो. हें प्रेत कोठून येतें? हल्लीं कांहीं लोक मरणापूर्वीं देहदान लिहून ठेवतात, व तें फार स्तुत्य आहे. परंतु मुंबई प्रांतांत १९४९ सालीं शरीरशास्त्राविषयींचा जो कायदा झाला, त्यानें जीं प्रेतें कोणी मागावयास येत नाहीं तीं वैद्यकीय महाविद्यालयांस देण्याची सोय करून ठेविली. बेवारस प्रेत कोणाचें असतें हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. शेटसावकार बेवारस मरत नाहीं. कामाच्या शोधांत शहरीं गेलेला व पुलाखालीं आजारी पडलेला मजूर, मुलांनीं टाकलेली म्हातारी, नांवगांव सांगतां न येणारा वेडा, अशांचीं हीं शरीरें. जिवंतपणीं ज्याची नाडी कोणी आस्थेनें पाहिली नाहीं, त्याची एकेक शीर मेल्यावर इतके विद्यार्थी निरखून पाहतात.

पुढें विद्यार्थी रुग्णालयांत जातो, तेव्हां तेथेंही हेंच आहे. पहिली सुई तो कोणाच्या दंडांत टोंचतो? जनरल वॉर्डांतील रोग्याच्या. पहिलें बाळंतपण तो कोणाचें पाहतो? जिला खाजगी दवाखान्याचा खर्च झेपत नाहीं तिचें. ती बाई लाजेनें तोंड झांकून पडलेली असते, आणि पांच सात तरुण मुलेंमुली तिच्याभोंवतीं वह्या घेऊन उभीं असतात. परिचारिकेचें शिक्षण घेणाऱ्या मुलीही ह्याच खाटांपाशीं शिकतात. पैसे मोजून स्वतंत्र खोली घेणाऱ्या रोग्यास नवशिक्याच्या हातीं सहसा कोणी देत नाहीं. म्हणून आम्ही म्हणतों कीं ही विद्या ज्यांच्यापासून उसनी घेतली जाते ते गरीब आहेत. फी बापानें भरली असेल, इमारत सरकारनें किंवा मिशननें बांधली असेल. परंतु शिकण्यास आपला देह ज्यांनीं दिला त्यांस कोणीं विचारलेंही नाहीं.

महाराष्ट्रांतील सरकारी महाविद्यालयांतून एम. बी. बी. एस. होणाऱ्यास एक वर्ष सरकारी सेवा करण्याचा करार लिहून द्यावा लागतो, व ती न केल्यास दंड भरावा लागतो. दंड लाखांनीं मोजला जातो. तरीही ज्यांच्याजवळ पैसा आहे त्यांतील कांहीं तो भरून मोकळे होतात. कायद्यापुढें ते मोकळे झाले हें खरें. पण तो पैसा सरकारच्या खजिन्यांत गेला. टेबलावरील त्या माणसाच्या गांवीं त्यांतला एक रुपयाही गेला नाहीं. ज्याचें देणें त्यास न देतां दुसऱ्यास दिलें, तर तें फिटलें असें बाजारांत तरी कोणी म्हणत नाहीं.

येथें कोणी म्हणेल, "पाळकसाहेब, त्याग सांगावयास तुम्हांस गरिबांचींच मुलें बरीं सांपडतात." हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाहीं. एखाद्या घरानें शेत गहाण ठेवून मुलीस परिचारिका केलें. भाऊ अद्याप शाळेंत आहे, आईस मोतीबिंदु झालेला आहे. तिला आखाती देशांतील रुग्णालयांत नोकरी मिळते, व येथील पगाराच्या कित्येक पट पगार मिळतो. तिनें जाऊं नये असें आम्हीं व्यासपीठावरून सांगावें काय? ज्या घरीं तीन पिढ्या पोटभर अन्न आहे त्या घरचा मुलगा परदेशीं गेला म्हणजे आपण पेढे खातों, आणि गरिबाची मुलगी गेली म्हणजे तिला कृतघ्न म्हणतों. हा न्याय नव्हे. ऋणाची आठवण मंडळीनें द्यावी. वसुलीस मात्र दारीं जाऊं नये.

शिवाय वेतन घेणें व दया करणें ह्यांत विरोध आहे अशी एक समजूत आमच्यांत पुष्कळ दिवस आहे, ती टाकून दिली पाहिजे. चांगल्या शोमरोन्याचा दृष्टांत आपण सर्वांनीं लहानपणापासून ऐकलेला आहे; परंतु उतारशाळेच्या मालकाकडे आपलें लक्ष जात नाहीं. शोमरोनी एक रात्र राहिला व दुसऱ्या दिवशीं आपल्या वाटेनें गेला. पुढें त्या जखमी माणसाच्या पट्ट्या कोणीं बदलल्या, रात्रीं त्यास पाणी कोणीं दिलें? त्या मालकानें. आणि त्याबद्दल त्यास पैसे मिळाले, व अधिक खर्च होईल तोही मिळावयाचा होता. प्रभूनें त्या पैशास नांव ठेविलें नाहीं. उलट, "ही तर सेवा आहे" असें म्हणून परिचारिकांचा पगार महिनेच्या महिने थकविणाऱ्या संस्था आहेत, त्यांस आम्ही नांवें ठेवतों.

मग परदेशीं गेलेल्या मुलीनें हें ऋण कसें फेडावें? आखाती देशांत रस्ते व इमारती बांधणारे मजूर बहुधा आपल्याच बाजूच्या देशांतील गरीब लोक असतात, व उन्हानें किंवा पडून जायबंदी होऊन तेही तिच्याच वॉर्डांत येतात. त्यांची भाषा तिला थोडीबहुत समजते, तेथील मोठ्या डॉक्टरास समजत नाहीं. अशा माणसाच्या खाटेपाशीं ती दोन मिनिटें अधिक थांबली, तर तिनें मुद्दल फेडावयास आरंभ केला असें आम्ही समजूं. शहरांतही हें करतां येतें. आनंदीबाई जोशी १८८६ सालीं अमेरिकेंत पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयांतून डॉक्टर झाल्या व पुढील वर्षीं निवर्तल्या, हें शाळेंतील मुलांसही ठाऊक असतें. त्याच महाविद्यालयांतून १८९२ सालीं पदवी घेऊन आलेल्या आमच्यांतील गुरुबाई करमरकर ह्यांचें नांव मात्र आमच्या मंडळ्यांतही थोड्यांसच ठाऊक आहे. त्या मुंबईंतच राहिल्या व अमेरिकन मराठी मिशनच्या कामांत त्यांनीं पुष्कळ वर्षें घालविलीं.

आतां दुसरी गोष्ट. आरोग्याचें काम म्हणजे डॉक्टर होणें, आणि जो डॉक्टर झाला नाहीं तो फुकट गेला, असें आमच्या लोकांस वाटूं लागलें आहे. ह्या समजुतीनें चांगलीं मुलें खचून जातात. १९४३ सालीं सरकारनें नेमलेल्या भोर समितीनें १९४६ सालीं आपला अहवाल दिला. त्या काळीं देशांतील निम्म्याहून अधिक डॉक्टर पदवीधर नव्हते. थोड्या वर्षांचा अभ्यास करून सनद मिळविलेले ते होते, व लहान गांवांतून पुष्कळसा भार त्यांवरच होता. समितीनें तो अभ्यासक्रम बंद करून सर्वत्र पदवीधर डॉक्टरच तयार करावे अशी शिफारस केली. कांहीं सभासदांनीं मतभेदही नोंदविला. हेतु चांगला होता, परंतु आमच्या मतें मतभेद नोंदविणारांनीं खेडें अधिक जवळून पाहिलें होतें. पदवीधर डॉक्टर वाढले. ते शहरांत वाढले.

ह्याच्या उलट जामखेडचें उदाहरण आहे. डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे हीं दोघें वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयांत शिकलेलीं. त्यांनीं प्रथम नगर जिल्ह्यांतील वडाळा मिशनच्या रुग्णालयांत काम केलें. बरे होऊन गेलेले रोगी तेच रोग घेऊन पुन्हा येतात, हें त्यांनीं तेथें पाहिलें. रुग्णालयांत बसून हें सुटणार नाहीं असें ओळखून त्यांनीं अमेरिकेंत सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला, व १९७० सालीं त्याच जिल्ह्यांतील जामखेड ह्या दुष्काळी भागांत येऊन काम आरंभिलें. त्यांनीं गांवोगांवच्या लोकांकडून एकेक बाई निवडून घेतली. त्यांतील पुष्कळ बाया अक्षरशत्रु होत्या, पुष्कळ खालच्या समजल्या जाणाऱ्या जातींच्या होत्या. गरोदर बाईची काळजी कशी घ्यावी, मुलाचें वजन कसें करावें, हगवण लागलेल्या मुलास साखरमिठाचें पाणी कसें पाजावें, कुष्ठाचा चट्टा कसा ओळखावा, हें त्या बाया शिकल्या. आणि ज्यांच्या हातचें पाणी गांव घेत नसे त्यांस गांव आपल्या घरांत बाळंतपणास बोलावूं लागलें. १९७९ सालीं आरोळे दांपत्यास मॅगसेसे पारितोषिक मिळालें. आम्हांस ह्यांत विशेष हें वाटतें कीं ज्यांच्या देहावर वैद्यकविद्या शिकली जाते त्यांच्याच हातांत येथें ती परत दिली गेली. २००५ सालापासून सरकारनें गांवोगांव ज्या आशा कार्यकर्त्या नेमल्या, त्यांच्या मागें जामखेडसारखे अनुभव आहेत.

तेव्हां विद्यार्थ्यांनो, आपला पल्ला पाहून वाट निवडा. डॉक्टर व्हावयाचें असल्यास बारावीस भौतिक, रसायन व जीवशास्त्र हे विषय घेऊन नीट ही परीक्षा द्यावी लागते. ती मराठींतूनही देतां येते, व ७२० गुणांपैकीं निम्मे एकट्या जीवशास्त्रास असतात. म्हणून गणिताच्या भयानें कोणी मागें फिरूं नये. साडेचार वर्षांचा अभ्यास व एक वर्ष रुग्णालयांत उमेदवारी, एवढा काळ घरानें धीर धरला पाहिजे. परिचारिकेची पदवी चार वर्षांची आहे. औषधनिर्माणशास्त्राची पदविका दोन वर्षांची व पदवी चार वर्षांची. ए. एन. एम. चा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे, व ज्या उपकेंद्रावर सपाट प्रदेशांत पांच हजार व डोंगरी किंवा आदिवासी भागांत तीन हजार लोकांचा भार असतो, तें उपकेंद्र मुख्यतः ह्याच बाई चालवितात. रक्त तपासणारे, क्ष-किरण काढणारे, व्यायामोपचार करणारे, ह्यांवांचून आज एकही रुग्णालय चालत नाहीं. मुलांनींही परिचारक व्हावें. त्यांत कमीपणा मानणाऱ्यांस आम्ही एवढेंच विचारतों कीं रात्रीं बाप अंथरुणावर घाण करतो तेव्हां ती कोण काढतो?

फी भरण्यापूर्वीं एक चौकशी अवश्य करावी. हा अभ्यासक्रम पुरा केल्यावर त्या धंद्याच्या सरकारमान्य परिषदेंत नोंद होते काय? नोंद होत नसेल तर त्या दाखल्यास भिंतीवर टांगण्यापलीकडे उपयोग नाहीं. हें त्या संस्थेच्या कचेरींत न विचारतां परिषदेकडेच विचारावें. दलालाच्या हातीं पैसा देऊं नये, मूळ दाखले तर मुळींच देऊं नयेत. कर्ज काढण्यापूर्वीं शिष्यवृत्ती पाहाव्या. मिशन संस्थेच्या पुरस्कारानें कोठें जागा मिळत असल्यास सेवेचा करार किती वर्षांचा आहे तो आईबापांनीं स्वतः वाचावा; पाळकानें सही करा म्हटलें म्हणून सही करूं नये. आणि ह्या सर्वांच्या आधीं, सुटींत आठ पंधरा दिवस जवळच्या रुग्णालयांत जाऊन बसावें. रक्त पाहून भोंवळ येते ती पुढें जाते; पण म्हाताऱ्या माणसाच्या त्याच त्याच रडगाण्याचा कंटाळा येत असेल, तर तो कंटाळा पदवीनें जात नाहीं. अशा मुलानें दुसरा मार्ग धरावा, त्यांत लाज नाहीं. नीटमध्यें दोनदा यश न आलेल्या मुलास तिसऱ्यांदा कर्ज काढून शहरांत कोंडून ठेवणें आम्हांस पसंत नाहीं.

मंडळ्यांच्या पंचांस मात्र आम्हांस थोडें निराळें सांगावयाचें आहे. आमचीं मुलें शिकून खेड्यांत परत येत नाहींत अशी तक्रार आपण वार्षिक सभेंत करतों. ती परत आलेली मुलगी कोठें राहते हें पाहावयास आपण कधीं गेलों काय? उपकेंद्र बहुधा गांवाबाहेर असतें, रस्त्यावर दिवा नसतो, व रात्रीं दार ठोठावणारा बाळंतिणीचा नवरा आहे कीं दारू प्यालेला कोणी आहे हें तिला आंतून कळत नाहीं. पूर्वीं मुलगी नर्स आहे म्हटलें कीं नाक मुरडणारे आतां सोयरिकीच्या वेळीं आधीं तिचा पगार विचारतात, पण तिच्या खोलीच्या दारास कडी आहे कीं नाहीं हें विचारीत नाहींत. गांवांतील दोन वडील बायांनीं आळीपाळीनें तिच्या सोबतीस निजावें, पाण्याची एक घागर कोणी पोंचती करावी, आणि मोडलेली कडी पावसाळ्यापूर्वीं बसवून घ्यावी. त्यास सुताराचा एक दिवस लागेल.