कॉइल घासतेय

नंदुरबार जिल्ह्यात लग्नसराई सरत आली की स्पीकर दुरुस्तीला येऊ लागतात. उन्हाळाभर नवापूर-अक्कलकुव्याकडच्या गावांत गाडीवर पेट्या रचून नाचाचं रोडाली संगीत वाजलेलं असतं, रात्र रात्र माणसं नाचलेली असतात. पावसाच्या तोंडावर त्यातले काही स्पीकर मुके होतात, काही खरखरायला लागतात. दुकानाची पायरी चढता चढताच गिऱ्हाईक सांगतं, "फाटला." कारागीर मात्र फाटलंय कुठे हे लगेच पाहत नाही. स्पीकर टेबलावर उताणा ठेवतो, दोन्ही हातांची बोटं समोरच्या कागदी कोनावर चहूबाजूंनी सारखी टेकवतो, अगदी हळू दाबतो आणि कान जवळ नेतो. कॉइल घासतेय का, हे त्याला आधी ऐकायचं असतं.

स्पीकर दुरुस्त करायला बसणाऱ्याने पहिल्यांदा शिकायचं ते हे. मग तो लग्नातला पंधरा इंची असो, नाहीतर साठ वर्षांपूर्वीच्या गिटार अ‍ॅम्प्लिफायरमधला बारा इंची असो. फाटणं आणि घासणं हे दोन अगदी वेगळे आजार आहेत, आणि त्यांचा गोंधळ झाला की चांगला स्पीकर फुकट जातो.

स्पीकरच्या मागे जड मॅग्नेट असतो. त्याच्या तोंडाशी एक गोल फट असते, रुंदी जेमतेम मिलिमीटर-दीड मिलिमीटर. या फटीत तांब्याच्या बारीक तारेची कॉइल अधांतरी उभी असते. तिच्या दोन्ही अंगांना मोकळी जागा उरते ती साधारण पोस्टकार्डाच्या जाडीएवढी. अ‍ॅम्प्लिफायरकडून करंट आला की कॉइल पुढेमागे धावते, तिला चिकटलेला कागदी कोन हवा ढकलतो आणि आपल्याला गाणं ऐकू येतं. चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोन अमेरिकन इंजिनिअरांनी १९२५ मध्ये हा घाट पक्का केला. शंभर वर्षांत मॅग्नेट बदलले, गोंद बदलले, पण ती फट आहे तशीच राहिली. कोनामागचं नागमोडी कापड, ज्याला स्पायडर म्हणतात, कोनाची लवचीक कड, पत्र्याची फ्रेम, या सगळ्यांनी मिळून राखायचं ते एकच: कॉइल फटीच्या बरोबर मध्ये राहावी आणि कशालाही टेकू नये.

कागदाला मात्र थोडंफार माफ असतं. गिटारचे स्पीकर तर मुद्दाम हलक्या, कडक कागदाचे करतात. बारा इंची स्पीकरचा कोन कॉइलसकट सुमारे ३० ग्रॅम भरतो. हा कागद स्वतः थरथरतो, सुरात स्वतःचं काही मिसळतो, आणि जुन्या स्पीकरवर लोक जीव टाकतात ते त्या मिसळण्यासाठीच. १९५१ साली आइक टर्नरचा बँड मिसिसिपीहून मेम्फिसला रेकॉर्डिंगसाठी निघाला असताना वाटेत गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर जायबंदी झाला. दुसरा मिळेना, तेव्हा स्टुडिओत कोनात कागद कोंबून तसाच वाजवला. त्या भरड आवाजात 'रॉकेट एटीएट' हे गाणं ध्वनिमुद्रित झालं आणि आजही ते रॉक अँड रोलच्या आरंभाच्या गाण्यांत मोजलं जातं. १९६४ मध्ये 'द किंक्स' या बँडच्या डेव्ह डेव्हिसने तर हाताने ब्लेड घेऊन कोन चिरला, तसाच आवाज हवा म्हणून. कागदाचं व्यंग असं कधी कधी सुरात जमा होतं.

घासणाऱ्या कॉइलचं तसं होत नाही. तारेवरचं वार्निश खरवडलं जातं, वेढे एकमेकांना चिकटतात, कॉइल जळते आणि जाताना कधी अ‍ॅम्प्लिफायरलाही घेऊन जाते. म्हणून घासण्याचं कारण सापडल्याशिवाय कोनाला हात लावू नये.

ही कारणं आपल्याकडच्या रस्त्यांवर आणि दुकानांतच सापडतात. वर्षानुवर्षं पेटीत उभा राहिलेला जड कोन स्वतःच्या वजनाने खाली लवतो. त्याला औषध म्हणजे चार स्क्रू काढायचे आणि स्पीकर अर्धा फिरवून, वरची बाजू खाली करून पुन्हा बसवायचा. कित्येक स्पीकर एवढ्यावर सुधारतात, एक रुपयाचं सामान लागत नाही. दुसरं कारण लोखंडी भुगा. नंदुरबारच्या पथारींवरून उडणारी मिरचीची धूळ डोळ्यांना झोंबते, पण मॅग्नेट तिला ओढून घेत नाही. शेजारच्या वेल्डिंगच्या दुकानातला भुगा मात्र फटीत शिरला की तिथेच उभा राहतो, फुंकर मारून हलत नाही. जाड कागदाच्या पट्टीला चिकटपट्टी गुंडाळून ती फटीत पुन्हा पुन्हा फिरवावी लागते, पट्टी स्वच्छ निघेपर्यंत. तासभर जातो, जाऊ द्यावा. तिसरं कारण हादरा. तळोद्याहून चांदसैली घाटाने धडगावला गाडी चढताना पेटीला जे धक्के बसतात, त्यात मॅग्नेट केसभर सरकला तरी फट एका बाजूला मिटते. हा आजार अवघड. आणि अल्निको मिश्रधातूच्या मॅग्नेटचा जुना स्पीकर असेल तर मॅग्नेट उघडून पाहायचा मोह आवरावा. सुटा केला की त्याचा जोर बराच उतरतो.

कॉइल खरोखर जळाली असेल तेव्हाच कोन कापायचा. जुने गिटार स्पीकर फार वॅट सोसणारे नव्हते. 'व्हॉक्स एसी थर्टी' या गिटार अ‍ॅम्प्लिफायरमध्ये सेलेशन कंपनीचे जे प्रसिद्ध निळे स्पीकर असत, ते १५ वॅटचे, म्हणून तीस वॅटला दोन लागत. स्पीकरला दिलेल्या विजेचा फार थोडा भाग आवाज होतो, बाकीची उष्णता कॉइलच पचवते. नवी कॉइल बसवताना कॉइल आणि मधला लोखंडी खांब यांच्यामध्ये जुन्या फोटो निगेटिव्हच्या पट्ट्या सरकवतात. सगळीकडून सारख्या बसल्या की कॉइल आपोआप मध्यावर येते. गोंद लावायचा आणि रात्रभर हात लावायचा नाही. सकाळी पट्ट्या काढल्या, पुन्हा बोटांनी दाबलं आणि काहीच ऐकू आलं नाही, तरच मधली टोपी चिकटवायची. त्या क्षणी ऐकू न येणाऱ्या आवाजाचं समाधान कारागिरालाच माहीत.

फाटलेल्या कोनाचं काम यानंतरचं आणि सोपं. संक्रांतीचा उरलेला पतंगाचा कागद चिरेपेक्षा बोटभर मोठा फाडायचा. कात्रीने कापायचा नाही, फाडलेली कड कोनात मिसळून जाते. पाणी घातलेला फेविकॉल ब्रशने पातळ लावून दोन्ही बाजूंनी ठिगळ बसवायचं. झटपट चिकटणारा, दगडासारखा कडक होणारा गोंद नको. त्या थेंबाचं वजन आणि कडकपणा कोन कायमचा वागवत राहतो.

तेव्हा घरात, मंडळात किंवा बँडच्या गाडीत जुना स्पीकर पडून असेल, तर फाटला म्हणून भंगारात घालू नका, आणि दुकानदार कोन बदलू म्हणाला तरी लगेच हो म्हणू नका. आधी मल्टिमीटर लावायला सांगा. आठ ओहमच्या स्पीकरवर सहा-साडेसहा दिसले तर कॉइल बहुतेक शाबूत आहे. मग बोटांनी दाबून ऐका. घासत नसेल, तर जुना कोन तसाच ठेवून ठिगळ लावून घ्या.