कुंपणाबाहेरची माती

माउली, आयर्लंड पंढरीच्या वाटेपासून फार दूर. पण तेथील संतकथा ऐकली की आपलीच वाटते. डब्लिनच्या दक्षिणेस ग्लेंडलॉक नावाचे दोन तळ्यांचे खोरे आहे. सहाव्या शतकात तेथे केव्हिन नावाचे साधू राहत. खिडकीबाहेर हात पसरून ते प्रार्थनेत असता एका काळ्या पक्षिणीने तळहातावर घरटे करून अंडी घातली. पिल्ले निघेपर्यंत त्यांनी हात मागे घेतला नाही म्हणतात. दुसरे संत कोलंबा. ५९७ साली आयोना बेटावर त्यांनी देह ठेवला, त्याआधी मठाचे दूध वाहणारा पांढरा घोडा त्यांच्या छातीशी मान लावून रडला. सेवक त्याला हाकलू लागला, तर त्यांनीच अडवले.

आळ्याला रेड्याच्या समाधीपुढे डोके टेकणाऱ्यांना याचे नवल वाटणार नाही. घरात मृत्यू झाला की पोळ्यापाशी जाऊन मधमाश्यांना धनी गेल्याचे सांगायचे, अशीही चाल तेथे होती. मला ती फार आवडते.

पण त्याच देशात बाप्तिस्म्याआधी गेलेल्या अर्भकाला पवित्र दफनभूमीत जागा नव्हती. बाप काळोखात ते गाठोडे घेऊन निघे आणि पडक्या मठाशी, शेताच्या बांधाला किंवा समुद्रकाठी पुरून येई. आई बाळंतिणीच्या खाटेवरच. अशा जागांना किलीन म्हणतात. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे चालले.

पाखराला तळहात देणारा धर्म बाळाला मूठभर माती का नाकारतो? मला वाटते, पाखरू हक्क मागत नाही, म्हणून त्याच्यावर दया करताना कोणताही नियम मोडत नाही. बाळाला आत घ्यायचे तर कुंपणच हलवावे लागते. बोट दाखवण्याआधी आपलेही महाद्वार आठवा. मंगळवेढ्यास कुसू कोसळून चोखोबा गेले, नामदेवरायांनी अस्थी आणल्या, त्या पायरीपाशी ठेवल्या. रेड्याच्या मुखी वेद आले म्हणून आपण आनंदाने सांगतो. चोखोबा मात्र जन्मभर दाराबाहेरच उभे होते.

२००७ साली व्हॅटिकनच्या धर्मपंडितांच्या आयोगाने अशा बाळांच्या उद्धाराची आशा धरण्यास आधार आहे, असे म्हटले. आता कित्येक किलीनांवर स्मारकशिळा आहेत. जवळच गवतात बापांनी खुणेला ठेवलेल्या पांढऱ्या गारगोट्या दिसतात.