कबरीतला रकीब

उर्दू गझलेत मेलेला आशिक गप्प पडून राहत नाही. तुरबतीतूनही त्याचे कान बाहेर लागलेले असतात. ती फातिहा द्यायला आली का? आली तर सोबत कोण आहे? गालिबने (१७९७–१८६९) तर हा 'रश्क' इतका ताणला, की आशिकाला स्वतःचाच हेवा वाटू लागतो. आपल्या सगनभाऊंच्या मुलखातली लावणी वेगळी. तिथे सवतमत्सर असतो तो जित्या माणसांचा; रात्र सरली की भांडण मिटते. कबरीतले भांडण कसे मिटायचे?

मुशायऱ्यात अशा शेरांना आपण वाहवा देतो. मीही देतो. प्रेमात मालकी किती असते याची ती प्रामाणिक कबुली असते, आणि कबुली देणारा मेलेला असल्याने कुणाला इजा होत नाही.

इजा होते ती गावात. नीरेच्या खोऱ्यातल्या निरवांगीसारख्या गावी पंचविशीतली बाई बेवा झाली आणि पुढे तिच्या निकाहची गोष्ट निघाली, की कुणीतरी म्हणतोच, "मय्यताच्या जिवाला काय वाटेल?" मय्यत काही विचारत नाही. त्याच्या नावाने मत्सर करतात ते जिवंत लोक. कधी त्यामागे जमिनीचा तुकडाही असतो. बायको वारलेल्या पुरुषाला मात्र चाळिसावा होताच स्थळे येतात, तेव्हा तिच्या कबरीची आठवण कुणाला होत नाही.

कुरआनने बेवेची इद्दत चार महिने दहा दिवस ठरवली (अल्-बकरा, २३४). त्यानंतर तिने रीतीने स्वतःविषयी काही ठरवले, तर त्याचा दोष इतरांवर नाही, असेही तिथेच सांगितले. दुःखाला मुदत दिली आणि नंतरचा निर्णय तिच्या हाती ठेवला.

हजरत उम्मे सलमांची रिवायत मला या संदर्भात नेहमी आठवते. आपल्या दोघांपैकी मागे राहील त्याने पुन्हा निकाह करू नये, असा करार त्यांनीच नवऱ्यापुढे मांडला होता. अबू सलमांनी तो मानला नाही. उलट, माझ्यानंतर हिला माझ्याहून चांगला माणूस मिळो, अशी दुआ केली. पुढे उहुदची जखम उलटून ते वारले. माझ्याहून चांगला! गझलेतल्या एकाही आशिकाच्या तोंडून हा शब्द मी ऐकलेला नाही.

इद्दतीनंतर पैगंबरांचा (स.) पैगाम आला, तेव्हा उम्मे सलमांनी आडपडदा न ठेवता सांगितले, की माझ्या पदरी लेकरू आहे आणि माझा स्वभाव फार मत्सरी आहे. पैगंबरांनी (स.) त्यावर त्यांना कमी लेखले नाही. अल्लाहने तो मत्सर दूर करावा, एवढी दुआ केली.