इसारापूर्वीचा शब्द

दिलेल्या शब्दामागे साक्षीदार, कागद वा रक्कम नसेल तर त्याचे बंधन कितपत मानावे, हा नीतिविचारातला जुना प्रश्न आहे. हरिश्चंद्राची कथा स्वप्नातल्या दानालाही जागेपणीचे बंधन मानते. एवढी कठोर कसोटी संसारी माणसाला लावण्याचे कारण नाही. परंतु तिच्या अगदी विरुद्ध टोकाला आजचा एक नित्याचा व्यवहार उभा आहे.

ओएलएक्स २००६ साली आणि क्विकर २००८ साली सुरू झाले. अशा संकेतस्थळांमुळे घरातले जुने कपाट वा सायकल सर्वस्वी अनोळखी माणसाला विकणे भारतीय शहरांतून सर्रास झाले. छायाचित्र पाहून घासाघीस होते, आकडा ठरतो, ‘रविवारी सकाळी घेऊन जा’ असा निरोप येतो. शनिवारी रात्री दुसरा कोणी पाचशे रुपये अधिक देऊ करतो आणि रविवारी पहिल्या ग्राहकाचा फोन उचलला जात नाही. विक्रेत्याला विचारलेच, तर उत्तर तयार असते : ‘पैसे कुठे घेतले होते?’

हे उत्तर कायद्यालाही मान्य नाही. १९३० च्या मालविक्री अधिनियमानुसार विक्रीचा करार तोंडीही होऊ शकतो. आणि विशिष्ट, सुपूर्द करण्याजोग्या वस्तूची विक्री बिनशर्त ठरली की, उभयतांचा इरादा वेगळा नसल्यास, किंमत व ताबा पुढे ढकललेले असले तरी मालकी त्याच क्षणी ग्राहकाकडे जाते. म्हणजे रविवारी विक्रेता दुसऱ्याला देतो ती सायकल बहुधा त्याची राहिलेलीच नसते. गंमत अशी की, ताबा विक्रेत्याकडेच असताना सद्भावनेने ती घेऊन जाणाऱ्या अजाण दुसऱ्या ग्राहकालाही तोच कायदा संरक्षण देतो. पहिल्याच्या हाती भरपाईचा दावा उरतो. पण जुन्या सायकलीसाठी कोर्टाची पायरी कोण चढणार?

विक्रेत्याच्या त्या उत्तरात एक गैरसमज दडलेला आहे. इसारामुळे वचन जन्मते, असा. वस्तुतः वचन आधी असते, आणि ते फिरण्याचे भय वाटते म्हणून इसार घेतला जातो. ज्याने तो मागितला वा देऊ केला नाही, त्याने विश्वास टाकला. त्यापायी त्याने इतर दोन कपाटे नाकारलेली असतात, टेम्पोवाल्याला सांगून ठेवलेले असते. विक्रेत्याने काहीच घेतले नव्हते हे खरे नव्हे. त्याने दुसऱ्याचा रविवार घेतलेला असतो.

जनावरांच्या बाजारात दलाल रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवीत. तिथेही कागद नसे; पण पुढच्या बाजाराला त्याच माणसांत यायचे असे. डेव्हिड ह्यूमने १७४० साली वचनपालनाची उपपत्ती याच दिशेने लावली : शब्द मोडणाऱ्यावर पुन्हा कोणी विसंबणार नाही, हा हिशेब त्याच्या मुळाशी आहे. बाजाराचे वर्णन म्हणून हे चोख आहे. मात्र ज्याची पुन्हा गाठ पडायची नाही, त्याला दिलेल्या शब्दाविषयी ही उपपत्ती जवळजवळ मुकी होते. कांटचे १७८५ मधील उदाहरणही इथे पुरते बसत नाही. त्याचा ऋणको कर्ज मागतानाच ते न फेडण्याचे मनात धरतो. इथला विक्रेता शुक्रवारी प्रामाणिकच असतो. त्याचा दोष खोटे बोलण्याचा नाही, शुक्रवारचा आपला शब्द शनिवारी आपल्याला लागू नाही असे मानण्याचा आहे.

अर्थात शब्द फिरवणारे सारेच एका तागडीत घालणे अन्यायाचे होईल. आईचे शिवणयंत्र विकायला काढून ऐनवेळी जिचा हात धजत नाही, तिने मन बदलताच तसे कळवावे, दिलगिरी व्यक्त करावी. तिला कोणी फार बोल लावणार नाही. पाचशे रुपयांसाठी फिरणारा तेही कळवत नाही, आणि ते मौन अधिक बोचते.

ग्राहकही निर्दोष नाहीत. ठरल्या किमतीला येतो म्हणून दारात हजार रुपये तोडू पाहणारे आहेत, मुळीच न फिरकणारे आहेत. अशांनी पोळलेला विक्रेता मग एकाच कपाटासाठी तिघांना होकार देऊन ठेवतो. तिघेही वेळेवर आले तर दोघांना रिकामा टेम्पो घेऊन परतावे लागते, आणि त्या टेम्पोचे भाडे कोणी द्यायचे, याचे उत्तर विक्रेत्याच्या गाऱ्हाण्यात सापडत नाही.