नाव देणारा बाप



अमरावती जिल्ह्यातील वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी शंभराहून अधिक बेवारस दिव्यांग मुलांना वडील म्हणून स्वतःचे नाव दिले. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्याच वर्षी त्यांची अंध लेक माला लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाली. तान्ही असताना ती जळगाव रेल्वे स्थानकावर कचऱ्यात सापडली होती.

बातमी वाचून आपण म्हणतो, बाबांच्या कष्टांचे चीज झाले. मला हे वाक्य खटकते. ज्या लेकराला स्वतःच्या हाताने घासही घेता येणार नाही, त्याच्यासाठी केलेले कष्ट मग वाया गेले काय? आपल्या बाजार समितीत कांद्याची प्रत पाहून भाव ठरतो. तो हिशेब लेकराला लागू होत नाही.

दया करणाऱ्याची ऐपत संपली की दया थांबते. दिलेले नाव मात्र परत घेता येत नाही. संत योसेफाने बाळाचे नाव येशू ठेवले आणि नियमशास्त्राप्रमाणे तो त्याचा बाप झाला.

दत्तकाचा विचार करणाऱ्या जोडप्यांना मी गोड बोलून भुलवणार नाही. दवाखान्याच्या फेऱ्या आहेत, नातलगांचे टोमणे आहेत. ‘आमच्यामागे याचे कोण?’ ही चिंता तर झोप उडवते. शंकरबाबाही शासनाला हेच विचारत आले: अठराव्या वर्षी बालगृह सोडून या मुलांनी जावे कुठे? याचे उत्तर एकट्या आईबापांनी द्यायचे नाही.

असे लेकरू उद्या आपल्या धर्मग्रामात आले, तर मिस्सेत ते मध्येच ओरडेल. तेव्हा त्याच्या आईकडे आपण कसे वळून पाहतो, ते तिला बरोबर कळेल.