बाक शाळेचा

सोलापूरहून अक्कलकोटला जाताना वळसंग लागतं. तिथल्या एका वस्तीत सहावीत शिकणारी एक मुलगी राहत होती. गणितात तिचा हात सगळ्यांच्या आधी वर व्हायचा.

त्या वर्षी वर्गावर नव्या बाई आल्या. शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचे होते. बाईंनी जातीची नावं घेऊन मुलांना उभं केलं. "तुमचं बरंय, अभ्यास न करता पैसे मिळतात," असं त्या म्हणाल्या आणि वर्ग हसला. उभ्या मुलांना त्यांनी मागच्या बाकांवर बसवलं. यादी करायला सोपं जातं, म्हणाल्या. यादी त्याच दिवशी झाली, मुलं मात्र मागेच राहिली.

मुलगी हात वर करायची, पण बाईंची नजर पुढच्या बाकांवरूनच परत फिरायची. हळूहळू तिनं हात वर करणं सोडलं. मग एके सकाळी तिनं दप्तरच उचललं नाही. पोटात दुखतंय म्हणाली.

आजी शेळीला पाला घालत होती. तिनं पोटाला हात लावला नाही. "चल, विहिरीकडं जाऊ," म्हणाली.

विहीर मुलीनं रोज पाहिलेली होती. आजी काठावर टेकली.

"गावच्या विहिरीवर आपल्याला पाणी भरू देत नव्हते. म्हणून आपल्या माणसांनी ही खणली. माझा सासरा खणायला होता. पहिलं पाणी बाबासाहेब आंबेडकरांच्या हातानं शेंदलं गेलं. 24 एप्रिल 1937. ही तारीख सासऱ्यानं आम्हाला पाठ करायला लावली होती."

"मग आपण शाळाही वेगळी काढायची का?"

"न्हाई गं. तहान थांबत न्हाई, म्हणून विहीर खणली. पण त्याच्या धा वर्सं आधी बाबासाहेब महाडला गेले, ते सगळ्यांच्या तळ्याचं पाणी प्यायला. शाळा त्या तळ्यासारखी. ती आपलीच हाय."

मुलगी गप्प राहिली. मग आजीनं साताऱ्याचं सांगितलं. तिथल्या शाळेत लहानग्या भीमाला, म्हणजे बाबासाहेबांना, घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळं बसावं लागायचं. नळाला हात लावायची मनाई होती. शिपायानं नळ सोडला तर पाणी, नाही तर तहानेलंच राहायचं.

"शाळा सोडली त्यांनी?"

"सोडली असती, तर ही तारीख मी कुणाची सांगितली असती?"

दुसऱ्या दिवशी मुलगी पुढच्या बाकावर जाऊन बसली. बाईंनी मागे बोट दाखवलं. ती उभी राहिली. पाय कापत होते. "बाई, मला इथं फळा नीट दिसतो. बाक शाळेचा आहे," ती म्हणाली आणि पुन्हा तिथंच बसली.

त्याच दिवशी तिची आई शाळेत गेली. ती विड्या वळायची. त्या दिवशीचं काम बुडालं. बाई काय बोलल्या, कधी बोलल्या, मुलांना कुठं बसवलं, सगळं तिनं शेजारच्या पोराकडून कागदावर लिहून घेतलं होतं. मुख्याध्यापक म्हणाले, "तोंडी सांगा ना, मी समज देतो." आईनं कागद पुढं केला आणि पोच मागितली.

वर्गात नावं पुकारणं बंद झालं. अर्ज एकेकाला बोलावून भरले जाऊ लागले. बाक दर आठवड्याला बदलू लागले. बाईंच्या मनातलं बदललं की नाही, कोण जाणे. गणिताच्या तासाला त्या मुलीकडं पाहायला मात्र लागल्या.

अशा वेळी लेकराला आपण सांगतो, तू खूप अभ्यास कर, म्हणजे हसणारे गप्प बसतील. सांगणं चुकीचं नाही, पण त्यानं सगळा भार लेकरावरच पडतो. पुढच्या बाकावर बसण्याचं धैर्य मुलीनं दाखवलं. तो बाक टिकवायचं काम मोठ्यांचं होतं, ते तिच्या आईनं केलं. शाळेत भेदभाव होऊ द्यायचा नाही, ही जबाबदारी 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं सरकारवर टाकली आहे. म्हणून आपलं लेकरू सकाळी पोटात दुखतंय म्हणालं, तर आधी वर्गात काय झालं ते विचारा. आणि तक्रार करायची वेळ आली, तर ती लेखी द्या, पोच घ्या.